प्रिंटर घेताना आधी हेड बघा

"महिन्याला दहा-पंधरा पानं निघतील. मुलांचे प्रोजेक्ट, आधारची प्रत, कधीतरी सात-बारा. दुकानदार म्हणतो टाकीवाला घ्या, ऑफिसातले म्हणतात लेझरशिवाय दुसरं काही बघूच नका. कुणाचं ऐकू?"

संगणकाशी जरा जरी संबंध असेल, तर हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा तरी आपल्याकडे येतोच. दुकानात गेल्यावर किंमत कळते, वाय-फाय आहे की नाही ते कळतं, पानामागे किती पैसे पडतील हेही खोक्यावर ठळक छापलेलं असतं. पण कागदावर प्रत्यक्ष शाई टाकणारा भाग, म्हणजे हेड, कोणत्या जातीचं आहे आणि ते बिघडलं तर कुणाच्या खिशातून जाणार, याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

१. एवढंसं हेड

शाईचा घरगुती प्रिंटर उघडला की आत एक छोटा गाडा दिसतो. तो डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पळतो. त्याच्या पोटाखाली अगदी बारीक भोकांच्या रांगा असतात. या भोकांना नोझल म्हणायचं आणि नोझलांच्या या पट्टीला हेड. एका नोझलचा व्यास साधारण २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग.

एवढ्या भोकातून येणारा थेंब केवढा असेल? तो पिकोलिटरमध्ये मोजतात. एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटी पिकोलिटर असतात. थेंब ४ पिकोलिटरचा धरला आणि शाईची बाटली ७० मिलिलिटरची, तर तिच्यातून १,७५० कोटी थेंब निघतील. त्यातला प्रत्येक थेंब ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी पडावा लागतो, नाहीतर अक्षराची कड फाटल्यासारखी दिसते.

हे लक्षात घेतलं की पुढच्या सगळ्या तक्रारी समजू लागतात. २० मायक्रॉनचं भोक बंद व्हायला फार काही लागत नाही. भोकाच्या तोंडाशी शाई वाळली, धूळ बसली, आत हवेचा बुडबुडा अडकला, की छपाईत आडवी पांढरी रेघ उमटते.

२. थेंब उडवायचा कसा?

एवढ्या बारीक भोकातून शाई आपोआप गळत नाही. तिला आतून धक्का द्यावा लागतो. तो देण्याच्या दोन तऱ्हा बाजारात टिकल्या, एक उष्णतेची आणि दुसरी दाबाची.

उष्णतेची तऱ्हा सापडली ती अपघाताने. १९७७ मध्ये जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्यासमोर शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंग आयर्न लागली आणि सुईच्या टोकातून शाईची चिळकांडी उडाली. उष्णतेने शाई फेकता येते, हे तिथे लक्षात आलं. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत एचपीमध्ये जॉन व्हॉट हे स्वतंत्रपणे याच कल्पनेवर पोचले. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला, त्याच्या हेडला फक्त १२ नोझल होते. कॅननचा प्रिंटर त्याच्या पुढच्या वर्षी आला.

या हेडमध्ये प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. त्यातून काही मायक्रोसेकंद वीज गेली की त्याला चिकटलेला शाईचा पातळ थर क्षणात ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापून त्याची वाफ होते. वाफेचा बुडबुडा फुगतो, समोरची शाई भोकातून बाहेर ढकलतो आणि लगेच विरतो. रिकाम्या जागेत मागून नवी शाई येते. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं.

दुसऱ्या तऱ्हेत काहीच तापत नाही. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. याचं उलटही घडतं. अशा पदार्थाला वीज दिली की तो किंचित वाकतो किंवा आक्रसतो. याला पिझो परिणाम म्हणतात. नोझलमागच्या शाईच्या कप्प्याची एक भिंत अशा पदार्थाची केली, तर वीज देताच भिंत आत येते, शाई दाबली जाते आणि थेंब सुटतो. एप्सनने १९९३ मध्ये स्टायलस ८०० या प्रिंटरबरोबर आपलं पिझो हेड घरोघरी नेलं. आजही ढोबळमानाने तीच वाटणी आहे. घरगुती प्रिंटरांत कॅनन आणि एचपी उष्णतेवर चालतात, एप्सन आणि ब्रदर पिझोवर.

ग्राहकाला याच्याशी काय करायचंय? बरंच काही.

उष्णतेचं हेड संगणकाच्या चिपसारखं सिलिकॉनच्या चकतीवर एकगठ्ठा बनवता येतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि त्यात नोझल दाटीवाटीने बसवता येतात. एचपीने २०१३ मध्ये पानाच्या रुंदीएवढं हेड असलेले ऑफिस प्रिंटर काढले, त्यांत ४२,२४० नोझल होते. हेड जागचं हलत नव्हतं, फक्त कागद पळायचा. पण कोट्यवधी वेळा तापून-निवून हीटर झिजतो. त्याच्यावर शाई करपून तिचा थर बसतो. आणि शाई संपलेली असताना छापत राहिलात, तर उष्णता वाहून न्यायला समोर द्रवच नसतो आणि हीटर जळतो. कार्ट्रिज पूर्ण कोरडं होईपर्यंत पिळून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पिझो हेड बनवायला किचकट आणि महाग. मात्र नीट सांभाळलं तर ते खूप टिकतं. विजेचा झटका कमीजास्त करून लहानमोठे थेंब काढता येतात, आणि शाईला उकळी आणायची नसल्यामुळे शाई पाण्यात बनवलेलीच हवी अशी अट राहत नाही. त्याची खोड एकच, हवा. कप्प्यात बुडबुडा शिरला की भिंतीचा धक्का तो बुडबुडाच खाऊन टाकतो आणि शाई जागची हलत नाही. म्हणून पिझोच्या प्रिंटरची टाकी तळाच्या खुणेखाली जाऊ देऊ नये.

मग छपाई कुणाची सरस? साध्या कागदावरचं पत्र किंवा शाळेचा तक्ता समोर ठेवला, तर कोणता कोणत्या हेडने छापला हे ओळखणं कठीण. खोक्यावर लिहिलेल्या ४८०० गुणिले १२०० डीपीआयवरही फार जाऊ नये. तो आकडा हेड किती बारीक टप्प्यांनी थेंब टाकू शकतं ते सांगतो. साध्या कागदावर थेंब पसरतो, त्यामुळे तेवढे ठिपके वेगळे दिसतच नाहीत. अक्षरांना ६०० डीपीआय पुरून उरतात.

३. हेड कुणाच्या अंगावर?

आता खरा मुद्दा. हेड कशावर चालतं यापेक्षा ते कुठे बसवलंय, याने खिशावर जास्त परिणाम होतो.

बॉलपेनची रिफिल बदलली की शाईबरोबर नवं टोकही मिळतं. शाईच्या पेनात निब तीच राहते, आपण फक्त शाई भरतो. निब खराब झाली तर पेनवाल्याकडे जावं लागतं. प्रिंटरांतही याच दोन जाती आहेत. स्वस्तातल्या एचपी आणि कॅनन प्रिंटरांत हेड कार्ट्रिजच्याच अंगाला असतं. कार्ट्रिज बदललं की हेड नवं. म्हणूनच ते कार्ट्रिज महाग वाटतं, आणि म्हणूनच हेड तुंबल्याचं दुःख फार दिवस राहत नाही. दुसऱ्या जातीत हेड यंत्रात कायमचं बसवलेलं असतं आणि आपण फक्त शाई ओततो. एप्सनचे टाकीवाले प्रिंटर असे आहेत. त्यांचं हेड बदलायचं तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं, आणि घरगुती यंत्राच्या बाबतीत हेडची किंमत आणि मजुरी ऐकून बरेच जण नवा प्रिंटरच घेतात.

यांच्या मधली एक तिसरी जात आहे, ती अनेकांना माहीत नसते. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलांत शाई टाकीतून नळीने येते, पण काळ्याचं एक आणि रंगांचं एक अशी दोन हेडं वेगळी मिळतात आणि झाकण उघडून घरी बदलता येतात. घेताना दुकानदाराला सरळ विचारा, "याचं हेड सुटं मिळतं का, केवढ्याला, आणि मला बसवता येईल का?" उत्तर देता येत नसेल तर त्याच्यासमोरच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

टाकीची कल्पना मुळात कंपन्यांची नव्हेच. महाग कार्ट्रिजला कंटाळलेल्या लोकांनी आणि गल्लीतल्या मेकॅनिकांनी प्रिंटरच्या बाजूला बाटल्या टांगून बारीक नळ्या आत सोडायला सुरुवात केली होती. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंत असे प्रिंटर सर्रास दिसत. इंडोनेशियात हा उद्योग फार बोकाळला, आणि एप्सनने आपला पहिला टाकीवाला प्रिंटर २०१० मध्ये तिथेच विकायला काढला.

आता हिशेब करू. आकडे समजुतीपुरते धरलेले आहेत, तुम्ही आजचे भाव घालून तोच हिशेब पुन्हा मांडा. समजा कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांना आणि टाकीचा १२,००० ला. कार्ट्रिज ८०० रुपयांचं, त्यात १२० पानं निघतात, म्हणजे पानाला पावणेसात रुपयांच्या आसपास. टाकीची काळी बाटली ५०० रुपयांची, त्यात ४,५०० पानं, म्हणजे पानाला ११ पैसे.

महिन्याला दहा पानं छापणाऱ्याची वर्षाला १२० पानं होतात. कार्ट्रिजला ८०० रुपये, टाकीला जेमतेम १३. वर्षाला ७८७ रुपये वाचले, पण सुरुवातीला ८,००० जास्त मोजलेत. ते वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. आणि दहा वर्षं यंत्र बसून असताना हेड एकदाही तुंबणार नाही, असं धरून चाललोय!

महिन्याला २०० पानं छापणाऱ्याला, म्हणजे क्लासवाल्याला किंवा छोट्या दुकानदाराला, वर्षाला २० कार्ट्रिज लागतील, १६,००० रुपयांची. टाकीत तेच काम २६७ रुपयांत होतं. जास्तीचे ८,००० सहा महिन्यांत फिटले. त्याला टाकीच घ्यायला हवी, यात वाद नाही.

४. बसून राहिलेलं यंत्र

म्हणजे पानामागचे ११ पैसे हे रोज छापणाऱ्याचे. क्वचित छापणाऱ्याची शाई कागदाऐवजी भलतीकडेच जाते. कुठे, ते बघू.

हेड काम करत नसतं तेव्हा गाडा एका कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपणावर बसतो, म्हणजे नोझलची तोंडं उघडी पडत नाहीत. मात्र त्यासाठी प्रिंटर स्वतःच्या बटनाने बंद करायला हवा. आपण काय करतो? भिंतीवरचा स्विच दाबून मोकळे होतो. गाडा मध्येच कुठेतरी अडकला असेल तर हेड उघडंच राहतं. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत असं उघडं राहिलेलं हेड सुट्टी संपेपर्यंत तुंबलेलं मिळालं तर नवल नाही. कोकणात पावसाळ्यात उलटं होतं. तिथे शाई वाळत नाही, पण कागद दमट होतो, त्यावर शाई पसरते आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात.

तुंबलेलं हेड साफ करायची सोय प्रिंटरमध्येच असते. आतला छोटा पंप नोझलमधून शाई ओढून काढतो. ही शाई जाते कुठे? यंत्राच्या तळाशी स्पंजसारखी गादी असते, ती शोषून घेते. किती शाई तिथे गेली याचा अंदाज प्रिंटर ठेवतो, आणि गादी भरत आली असं त्याला वाटलं की छपाई थांबवून दुरुस्तीचा संदेश दाखवतो. हेड ठणठणीत, टाक्या भरलेल्या, तरी यंत्र बंद! अलीकडच्या काही मॉडेलांत ही गादी सुट्या डबीत असते आणि घरी बदलता येते. हेडखालोखाल हा प्रश्न दुकानात विचारायचा.

शाईचाच प्रिंटर घेतला असेल, तर आठवड्यातून एकदा चारही रंग येतील असं एक पान छापावं. फक्त काळं छापत राहिलात तर बाकीचे तीन रंग गुपचूप वाळतात. आणि साफसफाईचं बटन लागोपाठ दाबत बसू नये. दोनदा करून फरक पडला नाही तर रात्रभर थांबावं. पंपाने ओढलेली ताजी शाई वाळलेल्या शाईला मऊ करते, त्याला वेळ लागतो.

५. ज्याला हेडच नाही

सुरुवातीच्या प्रश्नातल्या गृहस्थांना मी एका रंगाचा लेझर सुचवतो, तो यामुळे. लेझरमध्ये नोझल नाहीत आणि वाळायला शाईही नाही. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र उभं केलं. विद्युतभारित ड्रमवर लेझरच्या किरणाने पानाचं चित्र रेखायचं, त्यावर टोनर नावाची प्लॅस्टिकची काळी पूड चिकटते, ती कागदावर उतरवायची आणि तापलेल्या रोलरखालून नेऊन वितळवून पक्की करायची. चार महिने यंत्र झाकून ठेवलं तरी पहिलं पान स्वच्छ येतं, आणि त्यावर पाणी सांडलं तरी अक्षर फुटत नाही. कचेरीत द्यायच्या कागदांसाठी हे महत्त्वाचं.

तिसऱ्या भागातला प्रश्न मात्र इथेही सुटत नाही. काही लेझरांत ड्रम टोनरच्या कार्ट्रिजमध्येच असतो, काहींत वेगळा. ड्रमवर चरा पडला की प्रत्येक पानावर ठरावीक अंतराने तोच डाग येतो. ड्रम टोनरबरोबर बदलत असेल तर डागही जातो, वेगळा असेल तर वेगळे पैसे. आणि एक सांगायचं राहिलं. रोलर तापवताना लेझर एकदम खूप वीज ओढतो, त्यामुळे संगणकाच्या लहान यूपीएसवर त्याला जोडू नका.

रंगीत फोटो मात्र घरगुती लेझरवर मनासारखे येत नाहीत. वर्षातून दहा-बारा फोटो लागत असतील तर ते स्टुडिओतून काढलेले बरे.

६. ठोकणारं हेड

दुकानाचं बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, बँकेचं पासबुक यांच्यासाठी अजूनही डॉट मॅट्रिक्स लागतो. त्याच्या हेडमध्ये तारेसारख्या बारीक पिना असतात. त्या शाईच्या रिबिनीवर आपटतात आणि ठिपके उमटतात. आवाज कर्कश, पण खाली कार्बनचे तीन कागद असले तरी छाप शेवटपर्यंत पोचते. न ठोकता छापणाऱ्या कोणत्याही प्रिंटरला हे जमणार नाही.

इथे निवड ९ पिनांचं हेड की २४ पिनांचं, एवढीच. नऊ पिनांत दोन पिनांमधलं अंतर इंचाचा ७२वा भाग, चोवीसमध्ये १८०वा. इंग्रजी बिलाला नऊ पिना पुरतात आणि त्या दणकट असतात. मराठीत मात्र अक्षराच्या डोक्यावर वेलांटी-मात्रा, पायाशी उकार आणि मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं. मराठी बिलं काढायची असतील तर २४ पिनाच घ्या.

७. मग, टी-शर्ट आणि फ्लेक्स

मगवर आणि टी-शर्टवर फोटो छापून देणाऱ्या दुकानात जवळजवळ नेहमी पिझो हेडचाच प्रिंटर दिसेल. ती सब्लिमेशनची शाई असते. आधी कागदावर छापायचं आणि मग उष्ण प्रेसखाली तो रंग मगावर चढवायचा, असं दोन टप्प्यांचं काम. उष्णतेने उडणारी शाई उष्णतेच्याच हेडमध्ये घालण्यात शहाणपण नाही. घरच्या प्रिंटरवर हा जोडधंदा करू पाहणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं, कारण एकदा सब्लिमेशनची शाई भरलेला प्रिंटर पुन्हा साध्या छपाईला वळवणं फार कटकटीचं असतं.

फ्लेक्सचं यंत्र घेणारा माणूस तर बोलण्याची सुरुवातच हेडपासून करतो. कोनिकाची हेडं आहेत की स्टारफायर, चार आहेत की आठ, हे आधी. बाकी यंत्र कुणी जोडलं ते नंतर. ही सगळी पिझो हेडं, कारण आत सॉल्व्हंटची शाई असते. हेडांची संख्या वाढली की वेग वाढतो, आणि एक हेड गेलं तर भुर्दंडही मोठा बसतो. म्हणून रात्री काम संपल्यावर हेड सोल्युशनने धुऊन झाकून ठेवल्याशिवाय चांगला ऑपरेटर घरी जात नाही. निवडणुकीच्या हंगामात यंत्र बंद पडलं तर काय होतं, हे त्याला ठाऊक असतं. घरगुती ग्राहकाने त्याच्याकडून एवढं तरी शिकावं, की आधी हेडची चौकशी आणि मग रंगरूप.

८. वापरलेला प्रिंटर घेताना

ऑफिसं बंद होतात, लोक गाव बदलतात, आणि बरे प्रिंटर निम्म्या किमतीत मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण विकणाऱ्याने दाखवलेल्या सुंदर फोटोवर जाऊ नका. त्याला नोझल चेकचं पान काढायला सांगा. त्यावर प्रत्येक रंगाची जिन्यासारखी तुटक रेघांची जाळी येते. प्रत्येक रेघ एका नोझलची, म्हणून रेघ गायब तर नोझल बंद. एक-दोन रेघा साफसफाईने परत येतील. अख्खा पट्टाच नसेल तर पुढे जाऊ नका. तुमच्यासमोर साफसफाई करून तोच कागद पुन्हा काढायला लावा. दुसऱ्यांदा वेगळ्याच रेघा गायब झाल्या तर बहुधा आत हवा आहे, तो दोष थोड्या दिवसांत निघू शकतो. दोन्ही वेळा नेमक्या त्याच रेघा नसतील, तर हेड दुखावलेलं असण्याची शक्यता जास्त. आजवर किती पानं छापली याचा आकडा बऱ्याच प्रिंटरांच्या स्थितीदर्शक पानावर मिळतो, तोही पाहून घ्या.

सौदा ठरला आणि प्रिंटर टाकीवाला असला, तर तो स्कूटरवर आडवा ठेवून आणू नका. टाकीची बुचं घट्ट आहेत ना ते बघा, वाहतुकीसाठी शाई बंद करायचा खटका असेल तर तो फिरवा, गाड्याला चिकटपट्टी लावा आणि रिक्षात मांडीवर सरळ धरून बसा. घरी आल्यावर खटका पुन्हा उघडायला मात्र विसरू नका, नाहीतर शाई नळीतच अडून राहील आणि हेड कोरडं चालेल.